पाऊण इंचाची फट

दार लागलं आणि कागदाची पट्टी निपचित झाली. छतालगतच्या जाळीला त्याने ती चिकटवली होती, टिश्यू पेपरची, बोटभर रुंद. जाळी पुसून झाली की पट्टी लावायची, फडफडली की हवा येते आहे असं समजायचं आणि काढून खिशात घालायची, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. आजही ती छान फडफडत होती. मग दाराआडचा केर काढावा म्हणून त्याने दार लोटलं, खटका लागला, आणि केरसुणी टेकवता टेकवता नजर सहज वर गेली. पट्टी जाळीवरून खाली लोंबत होती. अगदीच हलत नव्हती असं नाही. दमलेला माणूस दुसऱ्याचं बोलणं ऐकताना नुसती मान हलवतो तेवढी हलत होती. त्याने दार उघडलं. पट्टी उठली. लावलं. बसली. खोल्यांमधल्या बोळातल्या कपाटाशी जाऊन त्याने आतल्या हवेच्या मशीनला कान लावला. ते आपलं नेहमीसारखं घुमत होतं, त्याची काही तक्रार नव्हती. परत येऊन त्याने बाहेरून दाराची मूठ फिरवली आणि दार आत ढकललं, तर ते क्षणभर अडलं. कुणी आतून तळहात टेकवून हळूच ‘नको’ म्हणावं तसं अडलं, आणि मग उघडलं. हे अडणं त्याच्या हाताला किती वर्षं ठाऊक होतं! बिजागरी जड झाली आहे, एकदा तेल सोडायला हवं, असं तो दर वेळी मनात म्हणत आला होता, आणि दर वेळी विसरत आला होता.

लोकांनी काय काम करता विचारलं की तो म्हणायचा, “घरात हवा फिरवायच्या नळ्या आखतो,” आणि लोक त्याला स्वयंपाकघरातला गळका नळ दाखवायचे. तोही भिडेपोटी वाकून बघायचा. कुठल्या खोलीला किती हवा लागेल, ती कुठून न्यायची, पत्र्याचा डक्ट किती रुंद ठेवायचा, कुठे वळवायचा, वळण किती गोल असलं म्हणजे हवा दमणार नाही आणि शिट्टी घालणार नाही, हे सगळं तो पेन्सिलीने कागदावर काढायचा. हाताने त्याने कधी पत्रा कापला नाही. पत्र्याचं काम करणारा मिस्त्री त्याला ‘ड्रॉइंगसाहेब’ म्हणायचा. त्यात मान किती आणि टोमणा किती याच्या खोलात तो कधी शिरला नाही. त्याचं स्वतःचं एकच ब्रीद होतं, आणि तेही बोलून दाखवायची त्याला लाज वाटे. हवा यावी, पण आली हे कळू नये. थंडीत बोटं गारठू नयेत, उन्हाळ्यात उशी ओली होऊ नये, झोपून उठल्यावर डोकं हलकं असावं, आणि माणसाला यातलं काही जाणवूही नये. कुणी आपली आठवण काढली नाही की काम जमलं. असा माणूस नावारूपाला येत नाही हे उघडच आहे, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. पण आता स्वतःच्या घरात, स्वतः आखलेल्या खोलीत ही पट्टी मान टाकून लोंबत होती, आणि शुक्रवारी बायको दवाखान्यातून घरी यायची होती.

तीन आठवडे झाले होते. आधी साधा खोकला, मग ताप, मग फुप्फुसात पाणी. आता बरी आहे, घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले, आणि दाराशी जाता जाता मागे वळून म्हणाले, “खोली मात्र हवेशीर हवी हं. कोंदट जागेत ठेवू नका.” मुलगी तिथेच हसली होती. “डॉक्टर, हे तुम्ही कुणाला सांगताय? बाबांचा जन्म त्यातच गेलाय.” आणि त्याने मान डोलावली होती. जरा ऐटीतच डोलावली होती, हे आता त्याला आठवलं, आणि रिकाम्या खोलीतही त्याचे कान गरम झाले.

हवा नुसती आत सोडून भागत नाही. आली तेवढी बाहेर पडली पाहिजे, नाहीतर नवी शिरणार कुठे? त्याच्या घरात प्रत्येक खोलीला हवा येण्याची एकेक जाळी होती, आणि हवा परत मशीनकडे ओढून घेणारी मोठी जाळी एकच, बोळात. दार बंद असताना खोलीतून बोळात जायची वाट म्हणजे दाराखालची फट. ती बुजली की खोली फुग्यासारखी भरते आणि पुढची हवा घेईनाशी होते; श्वास सोडलेली तीच हवा आत फिरत राहते. तिकडे मशीनला आपल्या वाटची हवा मिळत नाही, मग ते उपाशी माणसासारखं हाताला लागेल ते खातं, माळ्यावरची धूळ, अडगळीतला कुबट वास, सिंकखालच्या भोकातली ओल. हे सगळं त्याने शेकडो लोकांना समजावलं होतं. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तो एक ओळ लिहायचा. त्याने कपाटावरचं पुठ्ठ्याचं नळकांडं काढलं, धूळ झटकली, आणि बावीस वर्षांपूर्वीचा स्वतःच्या घराचा नकाशा पलंगावर पसरला. ओळ होती. ‘दाराखाली पाऊण इंच फट सोडावी.’ इथे तर त्याने खाली दोन रेघाही ओढल्या होत्या, आपलंच घर म्हणून. मग तो गुडघ्यांवर बसला, गुडघे कुरकुरले, आणि त्याने दाराखाली लाकडी मोजपट्टी सारायचा प्रयत्न केला. मोजपट्टी जाईना. पोस्टकार्ड गेलं, तेही गालिच्याच्या केसांतून रेटावं लागलं.

गालिचा. चौदा वर्षांपूर्वीच्या थंडीत आणलेला, दाट, तपकिरी. बायको तेव्हा कामावर होती. एका मोठ्या कारखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची, पहाटे पाचला हजर व्हायची. एकदा जेवता जेवता म्हणाली होती, “पाय फार गारठतात हो. डावा जास्त.” डावाच का, हे कोडं त्याला पडलं होतं, त्याने रक्ताभिसरणावर एक जाडजूड पुस्तकही आणून वाचलं होतं, त्यात डाव्या पायाबद्दल काही नव्हतं. मग तो गालिचा घेऊन आला. सुतार म्हणाला, “दार घासतंय, किती तासू?” आणि तो, ड्रॉइंगसाहेब, म्हणाला होता, “सरकेल इतकंच तासा. घट्ट बसलेलं बरं, बाहेरचा आवाज आत जाणार नाही.” त्या वेळी गालिचा ही त्याच्या लेखी पायांची गोष्ट होती. हवेशी तिचा काही संबंध असेल हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या घरी गेला असता तर उंबऱ्यातच त्याला दिसलं असतं.

तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. मग ती चप्पल त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्याला वाटलं, खरी चूक ही. बाकीचं सगळं यापुढे काहीच नाही. दुपारी बाराला तिची पाळी सुटायची. येऊन, जेवून, दोन ते चार ती झोपायची. तो जेवणानंतरचं काम घरीच करायचा, बाहेरच्या खोलीत टेबल टाकून. कचेरीत तो नसल्याचं कुणाच्या लक्षात येत नसे म्हणून ते चालून गेलं. ती खोलीत जायची आणि जाता जाता डाव्या पायातली निळी चप्पल काढून दाराच्या फटीत अडकवायची. रोज. दार चार बोटं उघडं राहायचं. आणि रोज दहा-पंधरा मिनिटांनी, आता हिचा डोळा लागला असेल असं बघून तो उठायचा, चवड्यांवर चालत जायचा, पायाच्या अंगठ्याने चप्पल ओढून घ्यायचा आणि दार हलकेच लावायचा, खटका लागेपर्यंत. आपल्या पेन्सिलीची खरखर, खुर्चीची करकर, पुढे निवृत्तीनंतर पुस्तकाची पानं, यातलं काही तिच्या झोपेत जाऊ नये म्हणून. सकाळभर बिचारीच्या कानांवर माणसं आदळतात, दोन तास तरी शांत मिळावेत. चप्पल तो दाराशेजारी नीट ठेवायचा, उठल्यावर पायात सरकवता येईल अशी. या गोष्टीबद्दल दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत. आपल्याला बायकोशी गोड बोलता येत नाही, भेटवस्तू आणता येत नाहीत, वाढदिवस लक्षात राहत नाही, पण हे एक आपण न चुकता करतो, असं त्याला वाटायचं. चारला ती उठायची ती कपाळ धरूनच. “डोकं कसं भरल्यासारखं झालंय.” तो म्हणायचा, “दिवसभर कानाला ते यंत्र लावून बसतेस, दुसरं काय होणार?” आणि चहा करून आणायचा, बशीत गोळी ठेवून.

म्हणजे ती चप्पल हवेसाठी होती. तिला कळलं होतं. नकाशा न बघता, पट्टी न लावता, नुसत्या अंगाने कळलं होतं की या खोलीत काहीतरी चुकलं आहे. आणि नवऱ्याच्या कामात खोट काढायची नाही म्हणून ती बोलली नाही, मुकाट्याने चप्पल ठेवत राहिली. आणि तो मुकाट्याने काढत राहिला. त्याने तशा दुपारी मोजायला सुरुवात केली, वर्षाला तीनशे धरल्या तर, आणि दुसऱ्याच वर्षाशी थांबला. मग उठून त्याने लाकडी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. भिंतीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग होता, बारीक ठिपक्या-ठिपक्यांचा. ओल. त्याने बोट लावलं. घरानेच तिला आजारी केलं का? त्याच्याकडे दाब मोजायचं यंत्र होतं, हवेचा वेग मोजायचं भिंगरीसारखं यंत्र होतं, ओल मोजायचंही होतं. या प्रश्नाला लावायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. फोन वाजत होता तो बऱ्याच वेळाने त्याला ऐकू आला.

“बाबा, झाली का आईची खोली साफ?” मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि फोनवर नेहमी घाईत असायची.

“झाली. म्हणजे, होतेय. अगं, ते दार...”

“दाराला काय झालं?”

“काही नाही.”

“तुम्ही काही नाही म्हणालात की हमखास काहीतरी असतं.”

“शुक्रवारच्या ऐवजी सोमवारी आणलं तर तिला?”

“बाबा! ती इथे पिशवी भरून बसलीये. सकाळपासून तीनदा नर्सला वार विचारलाय. सोमवार म्हटलं तर पायी निघेल.”

“नको, नको. शुक्रवारीच आण,” तो म्हणाला. आज सोमवारच होता.

मंगळवार त्याने टेबलाशी काढला आणि बुधवारी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीही आता म्हातारा झाला होता, जन्मभर पत्रा ठोकून त्याचा एक कान गेला होता आणि दुसरा त्याच्या मर्जीप्रमाणे चालायचा. त्याने दार लावून पाहिलं, पट्टी पाहिली, वाकून गालिचा पाहिला, आणि कमरेवर हात ठेवून ड्रॉइंगसाहेबाकडे पाहिलं. “तुमच्या घरात?”

“माझ्या घरात.”

“ती ओळ वाचून दाखवून आमचं डोकं खाल्लंत की हो जन्मभर. पाऊण इंच, पाऊण इंच!”

“चुकलं माझं.”

“ते जाऊ द्या. मी रोज चुकतो, म्हणून तर खिशात कात्री असते.” त्याने भिंतीवर बोटांनी टकटक केलं. “भिंत फळीची आहे. दाराच्या वर भोक पाडतो, दोन्हीकडून जाळी ठोकतो. जेवायच्या आत खलास.”

“नको. आवाज आत जाईल.”

“कसला आवाज? घरात माणसं दोन, त्यातले तुम्ही एक!”

“तिला झोप लागायला हवी. आजारातून उठते आहे ती. मी वेगळं आखलंय.”

मिस्त्रीने चष्मा लावून कागद पाहिला. खोलीच्या छतातून वर पोकळीत शिरणारा, दोनदा वळणारा, आणि बोळाच्या छतातून खाली उतरणारा डक्ट होता तो. आतून बोटभर जाड, काळं, लोकरीसारखं अस्तर. हवा वळणावरून सहज घसरत जावी आणि आवाज मात्र अस्तरात रुतून बसावा. गेल्या कित्येक वर्षांत इतकं नेटकं काम त्याच्या हातून उतरलं नव्हतं. “एका बाईच्या झोपेसाठी एवढी आगगाडी,” मिस्त्री म्हणाला, पण कागद घडी घालताना त्याने कोपरे जुळवून घडी घातली. गुरुवारी संध्याकाळी आगगाडी जागेवर बसली. दार लावलं तरी पट्टी उडत होती, भिंगरी गरगरत होती, दाराची मूठ फिरवली तर आतून कुणी ‘नको’ म्हणत नव्हतं. डाग घासून, सुकवून, वर रंगाचा हात मारून झाला होता आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलं होतं. गालिचा त्याने राहू दिला. पाय गारठले असते.

शेवटची परीक्षा म्हणून त्याने मिस्त्रीला खोलीत बसवलं, दार लावलं, बाहेर खुर्चीत बसून पुस्तकाची पानं उलटली, पेन्सिल पाडली, एकदा खाकरला. मग दार उघडून विचारलं, “काही ऐकू आलं?”

“नाही.”

“पेन्सिल पाडली मी.”

“साहेब, मला आता तुम्ही बोलताय तेसुद्धा निम्मंच ऐकू येतंय.”

मग तो स्वतः आत बसला आणि मिस्त्रीने बाहेर हातोडी आपटली. पुष्कळ लांब, दुसऱ्याच कुणाच्या घरात काहीतरी पडलं असावं एवढं वाटलं. त्याला मनातून बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

शुक्रवारी मुलगी तिला घेऊन आली. ती उतरली तेव्हा तिचा कोट तिला मोठा झाला होता. दाराशी ती थांबली, नाकाने हवा ओढून म्हणाली, “रंगाचा वास येतोय. काय उद्योग केलेत?” मुलीने औषधांच्या वेळा लिहून कागद फ्रिजला लावला, बाबांना दोनदा समजावलं, आईला एकदा, आणि आपल्या घाईत निघून गेली. जेवण झालं. दोन वाजले. ती भिंतीला हात लावत खोलीकडे निघाली, उंबऱ्यात थांबली, आणि डाव्या पायातली चप्पल काढायला वाकली.

“अगं, ते नको आता,” तो मागून म्हणाला. “दार लावलं तरी चालेल.”

“का?”

मग त्याने सांगितलं. वर्गात उभं केलेल्या मुलासारखं, गालिच्याकडे बघत, पट्टीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. फट, सुतार, डाग, तिचं डोकं. सांगताना कुठे थांबावं हे न कळून तो डक्टच्या वळणापर्यंत जाऊन पोहोचला. “शेकडो घरांचं बघितलं, आणि तुझ्या खोलीचं बघितलं नाही. तुला हे जे झालं, ते कदाचित...”

“कदाचित काय? जंतू काय तुमच्या नळीतून आले, वाट विचारत?”

“सांगता येत नाही.”

“मग नका सांगू.” ती पलंगावर टेकली होती, एवढ्या चालण्याने तिला धाप लागली होती. ती जराशी ओसरली. मग ती म्हणाली, “म्हणजे माझं डोकं खरंच दुखत होतं तर. मला वाटायचं, तुमच्या चहाने दुखतं.”

त्याला हसू आलं नाही. तिने ते पाहिलं. “बरं, लावा दार. बघू तरी तुमची आगगाडी.” मिस्त्रीचा शब्द त्यानेच तिला सांगितला होता.

त्याने दार लावलं. खटका लागला. बाहेरच्या खोलीत येऊन त्याने पुस्तक उघडलं, कधी न पाहिलेल्या समुद्रांवरच्या प्रवासाचं जाड पुस्तक, आणि एक पान उलटलं; आता हे आत जात नाही, हे त्याला ठाऊक होतं. घरात अशी शांतता होती की मशीनसुद्धा अदबीने चाललं आहेसं वाटावं. दहा मिनिटं गेली असतील. मूठ फिरली. दार चार बोटं उघडलं, आणि फटीतून निळी चप्पल सरकत आली आणि अडकून बसली. तिच्या अनवाणी पावलाचा आवाज गालिच्यात बुडत पलंगापर्यंत गेला.

तो उठून दाराशी गेला. आत वाकून त्याने आधी जाळीकडे पाहिलं. पट्टी उडत होती. “हवा येत नाही का?”

“येते की. छान येते.”

“मग चप्पल?”

“हवेचं मला कुठे कळतंय?” ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, बोलताना वळली. “मी आवाजासाठी ठेवते.”

तो आत येऊन पलंगाच्या कडेवर टेकला.

“पहाटेपासून कानात नुसती माणसं असायची हो. कुणी ओरडतंय, कुणी रडतंय, कुणाला साहेब हवाय. आणि मध्येच लाइन गप्प व्हायची. ती गप्प झाली की मला वाटायचं, माणूस आहे का गेला? मग मी विचारायचे, आहात का? बोला, लाइन चालू आहे. घरी येऊन पडले की तुमची पेन्सिल खरखरायची. मग रबर. मग फुंकर, तुम्ही रबराचा चुरा फुंकायचात ती. मला वाटायचं, आहेत. की मग झोप यायची.”

“आणि मी दार लावायचो.”

“हो. चवड्यांवर यायचात. चप्पल सरकायची, मग खटका. कितीदा तर मी जागीच असायचे.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, मी घोरते. तुम्हाला कामात त्रास होत असेल.”

“तू घोरतेस?”

“मला काय माहीत? मी झोपलेली असते.”

आता मात्र तो हसला, आणि ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. त्याने तिला बसतं केलं, पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला; हाताखाली तिच्या पाठीची हाडं त्याला एकेक करून कळली. खोकला थांबल्यावर तिने पाय पुन्हा पांघरुणात ओढून घेतले, आणि त्याचा हात सहज तिच्या डाव्या पावलाला लागला. गार. उजवं कोमट होतं. तो तसाच बसून राहिला. एक चप्पल दारात, एक पायात. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून दारापर्यंत डावं पाऊल रोज उघडं. म्हणून डावा जास्त. म्हणून गालिचा. म्हणून फट बुजली, आणि तिच्यावर त्याने दार लावलं. रक्ताभिसरणावरचं ते पुस्तक अजून वरच्या फळीवर होतं. ती झोपली तरी तो पाऊल हातात धरून बसला होता, आणि त्या दिवशी दार चार बोटं उघडंच राहिलं.

सोमवारी मुलगी तिला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, बुधवारी येतो. बुधवार फार लांब होता. त्याने मशीन बंद केलं. बोळातल्या मोठ्या जाळीला कागद लावून चिकटपट्टीने सगळ्या कडा बंद केल्या, धूळ नळ्यांत जाऊ नये म्हणून. पलंगावर चादर टाकली, गालिच्यावर ओली चादर टाकली. शिडी आणली. मग दारावरच्या भिंतीवर पेन्सिलीने चौकोन आखला, तो अर्थात अगदी काटकोनात होता. त्यानंतर करवत हातात घेतली आणि त्याला घाम फुटला. आयुष्यभर रेघा मारल्या, रेघेवरून कापलं कधीच नव्हतं. पहिली चाल बोटभर खाली घसरली, दुसरी तिला सावरायला वर गेली, तिसऱ्या बाजूला डाव्या हाताचं बोट मध्ये आलं. फळीचा भुगा पापण्यांवर बसत होता. कुठे अस्तर नाही, वळण नाही, आकडेमोड नाही. भिंतीच्या अलीकडून पलीकडे आरपार भोक, ज्यातून हवा जाईल तसंच बाकीचंही सगळं जाईल. दोन्ही बाजूंना त्याने जाळ्या ठोकल्या. शिडीवरून उतरून, लांब जाऊन पाहिलं. जाळी सरळ सरळ वाकडी होती. भुगा भरून, चादरी झटकून, जाळीवरचा कागद काढून त्याने मशीन सुरू केलं, दार लावलं, आणि सवयीने खिशातली पट्टी काढून नव्या जाळीला लावली. ती जाळीच्या भोकांशी चिकटून थरथरली. वरची आगगाडीही आपल्या परीने हवा नेत होतीच. तिला त्याने काही केलं नाही.

मुलीला आत आल्या आल्या दिसलं. “बाबा, हे काय? केवढं वाकडं आहे!”

“हो.”

“मिस्त्रीने असं केलं?”

“मी केलं.”

तिने त्याच्या बोटाला गुंडाळलेल्या चिंधीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि या वेळी घाई असूनही ती चहा घेऊन गेली. बायको जाळीखाली उभी राहून मान मागे टाकून बघत होती. दोन वाजता ती खोलीत गेली, दोन्ही चपला पायात ठेवून गेली, आणि दार तिने स्वतः लावलं.

तो खुर्चीत बसला, पुस्तक उघडलं. जाळीतून पलंग करकरल्याचा आवाज आला. मग चपला खाली ठेवल्याचा, एक, आणि थोड्या वेळाने दुसरी. पांघरुणाची सळसळ. आणि मग एक आवाज त्याला पहिल्यांदा कळला नाही, कळला तेव्हा त्याने मान जरा वर उचलली. तिचा श्वास येत होता. आत जाताना सरळ, बाहेर पडताना शेवटाला किंचित शिट्टी. दवाखान्यात होती त्याहून पुष्कळ आखूड. बावीस वर्षं तो या भिंतीच्या अलीकडे बसला होता आणि पलीकडचा हा आवाज त्याने स्वतःच बंद करून घेतला होता. तो ऐकत राहिला. शिट्टी कधी येते, कधी येत नाही, सलग चार वेळा आली नाही, पाचव्यांदा आली.

“अहो,” आतून आवाज आला.

“काय गं?”

“केव्हापासून पान उलटलं नाहीत. लाइन तुटली की काय?”

त्याने पुस्तकाकडे पाहिलं. एक ओळही वाचलेली नव्हती.

“नाही, नाही,” तो म्हणाला. “चालू आहे.” आणि न वाचलेलं पान त्याने उलटलं, जरा आवाज करूनच. मग एका पानाला लागावा तेवढा वेळ थांबून दुसरं उलटलं, तेही न वाचता. तिसऱ्या पानाशी ती घोरायला लागली.